ड्रम कोअरचा उन्हाळी हंगाम : शुल्क, प्रवासखर्च आणि पालकांनी विचारायचे प्रश्न

पैलतीर

आम्ही ओहायोमध्ये राहतो. आमची मुलगी शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये स्नेअर ड्रम वाजवते आणि गणपतीत इथल्या मंडळाच्या पथकात ताशा. यंदा तिने एका मोठ्या ड्रम कोअरसाठी (उन्हाळ्यात गावोगावी फिरून स्पर्धा करणारे मार्चिंग पथक) निवडचाचणी दिली, तिची निवड झाली आणि करारपत्र घरी आले. त्यात हंगामाचे शुल्क ५,४०० डॉलर असून ते डिसेंबर ते मे या काळात सहा हप्त्यांत भरायचे आहे. दर महिन्याच्या सराव शिबिराला तिने स्वखर्चाने दुसऱ्या राज्यात पोहोचायचे आहे आणि भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.

मुलीची जिद्द आणि गुणवत्ता याबद्दल आम्हा दोघांच्या मनात शंका नाही. मात्र मुले शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपतात, बसमधून रात्रभर प्रवास करतात आणि पदरचे पैसे भरून दिवसभर उन्हात सराव करतात, हे ऐकल्यावर पुण्यातल्या आजीने विचारलेला ‘मग एवढे पैसे जातात कुठे?’ हा प्रश्न आम्हालाही पडला आहे. शुल्काखेरीज आणखी किती तरतूद करावी आणि पैसे भरण्यापूर्वी संस्थेला काय विचारावे, याबद्दल ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जमाखर्च

माझा मुलगा तीन हंगाम एका कोअरमध्ये होता आणि त्या काळात मी त्यांच्या हिशेबाच्या कामात स्वयंसेवक म्हणून मदत करत असे. व्यवसायानेही मी लेखापालच आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. ड्रम कोअर इंटरनॅशनल ही या स्पर्धांची मुख्य संस्था. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाली आणि २००९ पासून अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होत आली आहे. ब्रास (पितळी वाद्ये), तालवाद्ये आणि कलरगार्ड (झेंडे फिरवणारा गट) मिळून दीडशेच्या वर मुले मे महिन्याच्या अखेरीस एका ठिकाणी जमतात, तीन-चार आठवडे तिथेच सराव करतात आणि जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत गावोगावी स्पर्धा करत फिरतात.

आता पैसा. खाली जे आकडे देतो ते कोणत्याही एका संस्थेचे नाहीत. प्रमाण लक्षात यावे म्हणून धरलेले आहेत. मुले १५० आणि शिक्षक, चालक, स्वयंसेवक मिळून आणखी ५० माणसे, म्हणजे २०० पाने धरा. दौऱ्याचे ५० दिवस चार बस भाड्याने घेतल्या आणि चालकासह प्रत्येक बसला दिवसाला १,३०० डॉलर पडले, तर २,६०,००० डॉलर झाले, म्हणजे प्रत्येक मुलामागे सुमारे १,७३३. वाद्ये, रंगमंचाचे सामान, स्वयंपाकघर आणि पोशाख वाहणारे चार मोठे ट्रक प्रत्येकी दहा हजार मैल फिरले आणि गॅलनला सहा मैल धावले, तर साधारण ६,६६७ गॅलन डिझेल लागते; चार डॉलर दराने ते २६,७०० डॉलरच्या घरात जाते, म्हणजे मुलामागे १७८. जेवण दिवसातून चार वेळा, माणशी एका वेळचे तीन डॉलर धरले तर दिवसाला २,४०० आणि ७५ दिवसांचे १,८०,००० डॉलर, म्हणजे मुलामागे १,२००.

नुसती चाके आणि पोट यांची बेरीज ३,१११ डॉलर झाली. तुमच्या ५,४०० मधून उरलेल्या २,२८९ डॉलरमध्ये शिक्षकांचे मानधन, विमा, शाळांना द्यायचे जागेचे भाडे, पोशाख, वाद्ये, संगीतरचना आणि मूळ संगीताच्या हक्कांचे पैसे हे सगळे बसवायचे असते, आणि ते बसत नाही. म्हणून देणग्या, स्मरणवस्तूंची विक्री, स्पर्धांतून मिळणारा मोबदला आणि काही ठिकाणी बिंगोचे खेळ यांतून भर घालावी लागते. कॅलिफोर्नियातील कॉनकॉर्डच्या ब्लू डेव्हिल्स या नामांकित कोअरचा बिंगो हा उत्पन्नाचा जुना आणि मोठा आधार आहे. वाद्ये उत्पादकाकडून सवलतीत घ्यायची आणि हंगाम संपताच शाळांना विकायची, हीही रूढ पद्धत आहे.

डिझेल महागले की शुल्क वाढले असे सरसकट सांगितले जाते, त्याकडे जरा डोळसपणे पाहावे. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेत डिझेलचा सरासरी दर साडेपाच डॉलरच्या वर गेला होता. वरच्याच हिशेबात तो दर धरला तर ट्रकच्या इंधनाचा बोजा मुलामागे १७८ वरून २४४ वर जातो, म्हणजे फरक ६६ डॉलरचा. बसकंपनी इंधन अधिभार लावते तो वेगळा. पण खरा पैसा डिझेलपेक्षा बस आणि चालक यांवर जातो.

सडेतोड

चालकांवर एवढा खर्च का व्हावा, हे समजले नाही. बस तर दिवसभर शाळेच्या आवारात उभी असते.

जमाखर्च

बस उभी असते, पण चालक झोपलेला असतो, आणि त्याने झोपलेच पाहिजे. प्रवासी बसच्या चालकाला सलग आठ तास विश्रांती झाल्यानंतर जास्तीत जास्त दहा तास गाडी चालवता येते आणि कामाचे एकूण पंधरा तास भरले की त्याला स्टिअरिंगला हात लावता येत नाही, असा केंद्रीय नियम आहे. कोअरचा प्रवास स्पर्धा आटोपल्यावर रात्री सुरू होतो. अंतर सहाशे मैलांच्या आसपास गेले की एका चालकाचे तास पुरत नाहीत. मग वाटेत दुसरा चालक आणून बसवावा लागतो आणि त्याला तिथवर पोहोचवण्याचा खर्चही संस्थेवरच येतो. शिवाय मुले व्यायामशाळेत झोपली तरी चालकासाठी दिवसा हॉटेलची खोली घ्यावी लागते, आणि ही अट बहुधा करारातच असते.

त्यामुळे अनुभवी व्यवस्थापक वेळापत्रक आखताना ठिकाणांमधील अंतरे पाहतो. सलग तीन रात्री तीनशे मैलांचा प्रवास हा एका रात्रीच्या नऊशे मैलांपेक्षा स्वस्तही पडतो आणि सुरक्षितही असतो. मात्र सगळी ठिकाणे त्याच्या हातात नसतात. सॅन अँटोनियो आणि अटलांटा यांसारख्या मोठ्या प्रादेशिक स्पर्धांना जावेच लागते. पैलतीर, तुम्ही वेळापत्रक मागवा आणि नकाशावर अंतरे मोजा. संस्थेने पैशाचा किती विचार केला आहे हे त्यावरून पुष्कळसे कळते.

रात्रपाळी

मी दर उन्हाळ्यात काही दिवस एका कोअरच्या फिरत्या स्वयंपाकघरात राबते. आजींच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथे मिळेल.

हे स्वयंपाकघर म्हणजे एक लांबलचक ट्रेलर असतो. आत शेगड्या, भट्टी, शीतकपाटे आणि दोन माणसे जेमतेम पाठीला पाठ लावून उभी राहतील एवढी वाट. पहाटे ट्रक नव्या शाळेत पोहोचतो, बाजूची फळी खाली पडते, त्यावर टेबले लागतात आणि मुले अजून झोपलेली असताना अंडी फोडायला सुरुवात होते. दोनशे माणसांना माणशी दोन धरली तरी एका न्याहारीला चारशे अंडी लागतात. बीन्स आणि टोमॅटो साडेसहा पौंडांच्या मोठ्या डब्यांतून येतात. दुपारचे जेवण सुरू असतानाच कोणीतरी रात्रीच्या जेवणाचे कांदे चिरत असते, कारण रात्री मुले मैदानावर असताना आम्हाला स्पर्धेनंतरच्या चौथ्या खाण्याची तयारी करून फळी पुन्हा वर उचलायची असते.

तीन डॉलरमध्ये एक जेवण बसते याचे कारण स्वयंपाक करणाऱ्यांना पगार नसतो आणि खरेदी घाऊक असते. हीच मुले उपाहारगृहात जेवली असती तर तेवढ्यात एक थाळीही आली नसती. पण घाऊक खरेदीसाठी पुढच्या चार दिवसांचा मुक्काम आधी पक्का असावा लागतो. ऐनवेळी शाळा बदलली आणि मागवलेला माल तीस मैल लांबच्या गावी उतरला, की कोणालातरी गाडी घेऊन जवळच्या दुकानातून किरकोळ भावाने ब्रेड उचलून आणावा लागतो. अंदाजपत्रक फुटते ते अशा फेऱ्यांमध्ये.

मुलगी शाकाहारी असेल तर आहाराच्या अर्जात स्पष्ट लिहा आणि ‘अंडे चालते का, चीज चालते का’ हेही लिहा. व्यवस्था होते, परंतु दिवसभर उन्हात ड्रम गळ्यात घालून हिंडणाऱ्या मुलीला नुसत्या भाताने आणि सॅलडने भागत नाही. प्रथिनांसाठी काय देणार, हे आधी विचारा आणि वरखर्चात शेंगदाणे, चिक्की, प्रोटीन बार यांची सोय ठेवा.

पालकांनी एक-दोन आठवडे स्वयंसेवा केली तर काही संस्था शुल्कात थोडी सूट देतात, बहुतेक देत नाहीत. स्वतःची गाडी अशा कामासाठी वापरली तर मैलामागे १४ सेंट करसवलतीत धरता येतात असे ऐकले आहे. जमाखर्च यांनी खुलासा करावा.

जमाखर्च

होय, १४ सेंटच. हा दर कायद्यातच लिहिलेला असल्यामुळे व्यावसायिक प्रवासाच्या दरासारखा तो दरवर्षी बदलत नाही. मात्र संस्था नोंदणीकृत धर्मादाय असावी लागते आणि २०२५ च्या करवर्षापर्यंत प्रत्यक्ष खर्चांची यादी देऊन विवरणपत्र भरणाऱ्यांनाच या वजावटीचा उपयोग होता. प्रमाणित वजावट घेणाऱ्यांना नव्हता.

याच ओघात दोन गोष्टी. आपल्या मुलाचे शुल्क ही देणगी नव्हे. संस्था धर्मादाय असली तरी त्या पैशांच्या बदल्यात तुमच्या मुलाला प्रशिक्षण, प्रवास आणि जेवण मिळते, म्हणून ५,४०० डॉलर देणगी म्हणून दाखवता येत नाहीत. तुमच्या कंपनीत देणगीइतकीच भर घालण्याची योजना असेल, तर तीही याच कारणाने शुल्काला सहसा लागू पडत नाही. वेगळी देणगी दिली तर पडते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. अनेक ठिकाणी पालक चॉकलेट विकतात, गाड्या धुतात आणि जमलेली रक्कम संस्थेच्या वहीत ‘आपल्या’ मुलाच्या नावे जमा करून घेतात. संस्थेच्या नावाने, करसवलतीच्या आधारावर गोळा केलेला पैसा ज्याने जितका आणला तितका त्याच्याच मुलाच्या शुल्कातून वळता करणे हे खासगी लाभात मोडते आणि त्यामुळे संस्थेचा करमुक्त दर्जा जाऊ शकतो. जिम्नॅस्टिक्सच्या एका पालक-संघटनेचा दर्जा नेमका याच कारणाने काढून घेतला गेला आणि २०१३ साली कर न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. जमा झालेला निधी सर्वांच्या शुल्कात समान वळवणे किंवा गरजेनुसार शिष्यवृत्ती देणे हा सरळ मार्ग आहे. तुम्ही स्वतःच्या नावाने मित्रमंडळींकडून मदत घेतलीत तर तो तुमचा खासगी व्यवहार. मग देणाऱ्याला करसवलत मिळेल असे मात्र सांगू नये.

पानफूट

पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकाचा हिशेब काही वर्षे पाहिला, म्हणून लिहितो. आमच्याकडे गणित नेमके उलटे आहे. मिरवणुकीसाठी मंडळ पथकाला मानधन देते, आपण त्याला सुपारी म्हणतो, आणि त्यातून टेम्पोचे भाडे, सरावाच्या जागेचे भाडे, ढोलांची फुटलेली पाने, दोऱ्या, टिपरू आणि वादकांचा नाश्ता निघतो. वादकाकडून घेतलीच तर किरकोळ वर्गणी आणि पोशाखाचे पैसे. बाहेरगावची सुपारी असली की बस आणि मुक्काम बोलावणाऱ्याने करायचा, हे आधीच ठरते. वादकाने लाखो रुपये भरून वाजवायचे, हे इथे कोणाला पटवून सांगणे कठीण आहे. स्पर्धेला तिकीट लावून हजारो प्रेक्षक येत असतील, तर आयोजकांनीच सगळा खर्च का उचलू नये?

तासगावकर

मी कॉलेजात असताना दोन उन्हाळे एका कोअरमध्ये युफोनियम हे पितळी वाद्य वाजवले आहे, त्यामुळे पानफूट यांना उत्तर देतो. तुमचे पथक सरावाच्या जागेपासून मिरवणुकीपर्यंत जाते आणि रात्री घरी परतते. वादक दिवसा आपापल्या नोकरीवर किंवा कॉलेजात असतो. इथे दोनशे माणसांचे बिऱ्हाड अडीच महिने पाठीवर असते. तिकिटांच्या उत्पन्नातून कोअरना वाटा मिळतो, पण एका संध्याकाळी आठ-दहा कोअर उतरतात आणि आठवड्यातल्या निम्म्या स्पर्धा शाळेच्या लहान मैदानांवर होतात. त्या वाट्यातून फार तर पुढच्या गावी जाण्यापुरते पैसे सुटतात. ढोलाची सुपारी देणाऱ्या मंडळाला मिरवणूक सजवायची असते. इथे वाजवणाराच मुख्य गिऱ्हाईक आहे. हे कटू वाटेल, पण ते मान्य केले की शुल्काचा आकडा समजतो.

पैलतीर, करारात न लिहिलेल्या खर्चांकडे वळतो. शिबिरांची विमानभाडी सर्वांत जड जातात. तिकिटे एकदम काढा आणि शनिवारी सकाळी पोहोचणारे स्वस्त तिकीट घेऊ नका, कारण शिबिर शुक्रवारी संध्याकाळी सुरू होते. त्याच राज्यातून गाडीने येणारी मुले असतात; संस्थेच्या गटात विचारले तर पेट्रोल वाटून घेता येते. मार्चिंगचे बूट दोन जोड लागतात, कारण पावसात भिजलेला जोड सकाळपर्यंत वाळत नाही. हवेची गादी निदान एकदा फुटते. पाण्याची गॅलनभर मापाची बाटली, उन्हासाठीचे मलम, हातमोजे, कानांचे संरक्षक बोळे ही यादी संस्था पाठवतेच. कपडे धुण्याच्या दिवशी आणि सुटीच्या दिवशी जेवण आपल्या पैशाने असते. मी आठवड्याला ४० डॉलर ठरवून घेतले होते, आज ६० तरी धरावेत.

आणि ज्याचा कोणी हिशेब करत नाही तो खर्च म्हणजे बुडालेली उन्हाळी कमाई. सतरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ती फार नसेल, परंतु कॉलेजच्या विद्यार्थ्याला मे ते ऑगस्ट नोकरी किंवा इंटर्नशिप करता येत नाही. वयाची मर्यादा बाविसाव्या वर्षाच्या आसपास संपते, त्यामुळे ‘नंतर करू’ असेही फार काळ म्हणता येत नाही. तिला अजून चार-पाच हंगाम हाताशी आहेत. यंदाच जायला हवे असे नाही. ओपन क्लास नावाचा दुसरा गट आहे, त्यातल्या कोअरचा दौरा आखूड आणि शुल्क साधारणपणे कमी असते.

सडेतोड

मूळ प्रश्नाचा महत्त्वाचा भाग तसाच राहिला. पैसे परत न मिळण्याची अट आणि संस्था बुडण्याची शक्यता, यांबद्दल कोणीच बोलत नाही. ओळखीच्या एका कुटुंबाने दोन हप्ते भरल्यावर त्यांच्या मुलाच्या कोअरने हंगाम रद्द केला आणि पैशांसाठी त्यांना महिनोन्महिने ईमेल पाठवावे लागले.

जमाखर्च

सडेतोड यांचा मुद्दा बिनतोड आहे. न्यू जर्सीतील गारफील्ड येथे १९३४ साली सुरू झालेले आणि दहा वेळा अजिंक्यपद मिळवलेले द कॅडेट्स हे कोअर कोर्टकचेरीच्या खर्चाखाली २०२४ मध्ये बंद पडले. सँटा क्लारा व्हॅनगार्डने २०२३ चा हंगाम आर्थिक अडचणींमुळे सोडला आणि २०२४ मध्ये पुनरागमन केले. इतकी जुनी आणि गाजलेली नावे जिथे डगमगली, तिथे नाव पाहून निर्धास्त राहता येत नाही.

धोका पैशांच्या वेळेत आहे. तुमचे हप्ते डिसेंबर ते मे येतात. त्यातून हिवाळ्यातील शिबिरे, गेल्या हंगामाची राहिलेली देणी आणि बसची आगाऊ रक्कम भागते. दौऱ्याचा मोठा खर्च जून-जुलैत येतो, तेव्हा हप्ते संपलेले असतात आणि हाती असतो तो स्मरणवस्तूंचा गल्ला, स्पर्धांचे पैसे आणि देणग्या. गंगाजळी नसेल, तर पुढच्या वर्षीच्या मुलांच्या पैशाने मागच्या वर्षीची बिले फेडली जातात. २०२० चा हंगाम करोनामुळे पूर्ण रद्द झाला, तेव्हा ज्यांच्याकडे शिल्लक होती त्यांनाच श्वास घेता आला.

हे बाहेरून तपासता येते. धर्मादाय संस्थांना दरवर्षी फॉर्म ९९० (करखात्याला द्यायचे हिशेबाचे विवरणपत्र) भरावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. सलग तीन वर्षांचे फॉर्म काढा. पहिल्याच पानावर वर्षाअखेरची निव्वळ मालमत्ता दिसते. ती दरवर्षी घटत असेल किंवा उणे असेल तर थेट खुलासा मागा. मालमत्ता भरपूर दिसली तरी त्यात इमारत आणि ट्रक किती आणि रोकड किती, हे ताळेबंदाच्या पानावर पाहा, कारण ट्रक विकून बसचे भाडे देता येत नाही. मिळणारे फॉर्म दीड-दोन वर्षे जुने असतात, म्हणून चालू वर्षाची स्थिती पत्राने विचारावी लागते.

विचारायचे ते असे : बसचा करार झाला आहे का आणि इंधन अधिभारावर कमाल मर्यादा आहे का? मुक्कामाच्या किती शाळा लेखी पक्क्या झाल्या? हंगाम संस्थेने रद्द केला तर भरलेल्या हप्त्यांचे काय? मूल दुखापतीने घरी परतले तर? ही शेवटची दोन उत्तरे करारपत्रातच असावीत. फोनवर कोणी कितीही गोड बोलले तरी त्याला किंमत नाही. हप्ते क्रेडिट कार्डाने भरता येत असतील तर जवळपास तीन टक्के जादा पडले तरी मी तसेच भरेन, कारण सेवा मिळालीच नाही तर कार्डकंपनीकडे दाद मागण्याची वाट उरते.

पैलतीर

सर्वांचे मनापासून आभार. जमाखर्च यांनी सांगितलेले प्रश्न आम्ही ईमेलने पाठवले आणि व्यवस्थापकांनी अपेक्षेपेक्षा मोकळेपणाने उत्तर दिले. बसचा करार झाला आहे. अधिभाराला मर्यादा नाही, पण तो संस्था सोसणार, शुल्क वाढणार नाही, असे त्यांनी लिहून दिले. हंगाम त्यांनी रद्द केल्यास खर्च न झालेली रक्कम परत करण्याचे कलम पुरवणी म्हणून जोडायला ते तयार झाले. दुखापतीच्या बाबतीत मात्र त्यांनी ठाम नकार दिला. जागा रिकामी राहिली तरी बस तेवढीच धावते, हा त्यांचा युक्तिवाद आम्हाला खोडता आला नाही. तीन वर्षांचे फॉर्मही पाहिले : दोन वर्षे किंचित वाढ, एका वर्षी घट, रोकड बेताची.

आमचा अंदाज शुल्क ५,४००, शिबिरांचा प्रवास १,४००, साहित्य ५००, वरखर्च ७०० आणि ये-जा ५०० असा एकूण ८,५०० डॉलरवर गेला आहे. यातले १,५०० ती शिकवण्या घेऊन आणि मंडळाच्या कार्यक्रमांत वाजवून उभे करणार आहे आणि संस्थेच्या गरजाधारित शिष्यवृत्तीसाठी तिने अर्ज केला आहे. ती मिळाली नाही तर यंदाची भारतवारी पुढच्या वर्षावर जाईल, हे आजीला कळवले आहे. करारपत्रावर सही केली.

एक शेवटची शंका. इंडियानापोलिसहून परतीचे तिकीट कोणत्या दिवसाचे काढावे? आम्ही गाडीने न्यायला जावे का?

तासगावकर

ओहायोहून गाडीनेच जा. पाच-सहा तासांहून जास्त लागणार नाहीत आणि ड्रमच्या काठ्यांपासून गादीपर्यंतचे सामान विमानात कोंबावे लागणार नाही. अंतिम फेरी शनिवारी रात्री असते. निकाल लागून मुले मुक्कामाच्या शाळेत पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटते, त्यानंतर पोशाख जमा करणे, ट्रक भरणे आणि निरोप घेणे पहाटेपर्यंत चालते. रविवारी सकाळी नऊनंतर शाळेवर पोहोचा आणि शनिवारच्या मुक्कामाची खोली आजच आरक्षित करा, कारण त्या आठवड्यात शहराच्या मध्यभागी हॉटेलांचे दर चढतात. शहराबाहेरच्या महामार्गालगत, फुकट रद्द करता येणारे आरक्षण पाहा.

रात्रपाळी

आणि येताना डबा आणा. रविवारी सकाळी आमचे स्वयंपाकघर बंद झालेले असते.